युद्धानंतर परतणाऱ्या निर्वासितांसाठी घरे बांधायला देणगी द्यावी का? श्रीलंकेच्या अनुभवाबद्दल मार्गदर्शन हवे

अनघा, कोथरूड

नमस्कार. पुण्यातील एका लहान धर्मादाय न्यासाची मी विश्वस्त आहे. शाळेच्या माजी विद्यार्थिनींनी मिळून हा न्यास काढला असून रुग्णालयात दाखल असलेल्यांच्या नातेवाइकांचे जेवण, मुळशी आणि वेल्ह्याकडील मुलींचा वसतिगृहाचा खर्च अशी कामे आम्ही आजवर करत आलो आहोत. गेल्या महिन्यात आमच्यापुढे एक वेगळा प्रस्ताव आला. तमिळनाडूतील छावण्यांमधून श्रीलंकेच्या उत्तरेकडील जिल्ह्यांत परत जाणाऱ्या कुटुंबांसाठी चाळीस घरांची एक वसाहत बांधायची, बांधकाम एकाच ठेकेदाराकडे द्यायचे, सर्व घरे एका नमुन्याची करायची आणि प्रत्येक घरावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावायची, अशी त्याची रूपरेषा आहे.

मंडळातील काही जणींना हा प्रस्ताव मनापासून आवडला आहे. पैसा कुठे गेला हे डोळ्यांना दिसेल आणि हिशेब सोपा राहील, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला चुकीचे वाटत नाही. मला अडखळायला होते ते दुसऱ्याच कारणाने. युद्ध संपून इतकी वर्षे झाली, भारत सरकारने तिथे हजारो घरे बांधून दिली, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आल्या आणि गेल्या, तरीही पुनर्वसन पूर्ण झाले असे कोणी म्हणत नाही. मग घर ही नेमकी कितवी गरज आहे? परदेशातून आलेली मदत कोणत्या रूपाने दिली तर माणसे त्या ठिकाणी टिकतात, आणि कोणत्या रूपाने दिली तर घरे उभी राहूनही कुलूपबंद राहतात?

या विषयावर प्रत्यक्ष काम केलेल्या किंवा सलग अभ्यास केलेल्या सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. मंडळाची बैठक पुढच्या पंधरवड्यात आहे आणि नुसत्या भावनेवर निर्णय व्हावा असे मला वाटत नाही.

खडकीकर

अनघाताई, मी सैन्याच्या इंजिनिअर शाखेतून निवृत्त झालो. उमेदीची बरीच वर्षे खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये आणि दापोडीच्या कॉलेजात गेली. निवृत्तीनंतर काही काळ मी श्रीलंकेत भूसुरुंग काढणाऱ्या एका भारतीय पथकाबरोबर मन्नार जिल्ह्यात काम केले. घराच्या आधी काय येते, एवढ्याच भागाबद्दल मी बोलू शकतो.

मे २००९ मध्ये लढाई थांबली तेव्हा जवळजवळ तीन लाख माणसे वावुनिया जिल्ह्यातील मेनिक फार्म आणि आसपासच्या छावण्यांत कोंडली गेली होती. त्यांची गावे पन्नास-साठ किलोमीटरवर होती. तरी त्यांना घरी पाठवता येत नव्हते, कारण श्रीलंकेचे सैन्य आणि तमिळ वाघांची संघटना (एलटीटीई) या लढणाऱ्या दोन्ही बाजूंनी शेतांच्या बांधांवर, विहिरींच्या कडेने, शाळांच्या मैदानात सुरुंग पेरलेले होते. सैन्याने पेरलेले सुरुंग बहुतेक ठिकाणी ओळीने असत आणि त्यांचे नकाशे असत. वाघांच्या संघटनेने स्वतः तयार केलेला ‘जॉनी’ नावाचा सुरुंग लाकडी पेटीत असे. पावसाने पेटी कुजली की आतील स्फोटके कोणत्या अवस्थेत आहेत हे हात लावण्यापूर्वी कळत नसे आणि त्यांची मांडणी कुठे लिहून ठेवलेली नसे.

हे काम बाहेरून पाहणाऱ्याला अत्यंत कंटाळवाणे वाटते. लाल खुंट्यांच्या आत, सुमारे एक मीटर रुंदीच्या पट्टीत, जाड अंगरखा आणि तोंडावर पारदर्शक झडप घालून सुरुंगशोधक गुडघ्यांवर बसतो. प्रथम गवत कात्रीने कापून हाताने बाजूला ठेवायचे, मग धातुशोधक फिरवायचा, आवाज आला तर तिरक्या कोनात सळई खुपसत किंवा लांब दांड्याच्या दाताळ्याने माती थराथराने ओढत पुढे सरकायचे. पाच वेळा गंजका खिळा निघतो, दोन वेळा काडतुसाची टोपी निघते, आणि तरीही आठव्या वेळी हात तितकाच सावकाश चालला पाहिजे. दिवसभरात एका माणसाचे काम काही चौरस मीटरच होते. आमच्या शेजारच्या पट्ट्यावर एका दुसऱ्या संस्थेच्या स्थानिक तमिळ स्त्रिया हे काम करत होत्या. त्यांतील अनेक जणींचे नवरे युद्धात गेलेले किंवा बेपत्ता होते आणि त्या पगारावर त्यांचे घर चालत होते.

या कामाला देणगीदार मिळवणे फार कठीण जाते, कारण साफ झालेल्या जमिनीचा फोटो म्हणजे मोकळ्या जमिनीचा फोटो. मात्र ती जमीन साफ झाल्यावरच शेतकरी नांगर घालू शकतो आणि गवंडी पाया खणू शकतो. भारताने त्या वेळी निकड ओळखून सैन्यातील निवृत्त माणसांची पथके पाठवली, हा निर्णय माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा होता. त्यापाठोपाठ ५०० ट्रॅक्टर, ९५ हजार कुटुंबांना पुरतील एवढे शेती अवजारांचे संच, सुमारे चार लाख पोती सिमेंट आणि छपराचे पत्रे गेले. ट्रॅक्टर आधी आले आणि सुरुंग नंतर निघाले असते तर काय झाले असते, याची कल्पना तुम्ही करू शकता.

तुमच्या प्रस्तावातील वसाहतीची जागा कोणी, कधी आणि कोणत्या दाखल्यानिशी सुरुंगमुक्त जाहीर केली, हे पहिल्या पत्रात विचारा. तो दाखला लेखी स्वरूपात असतो आणि तो मागण्यात कोणाचाही अपमान होत नाही. दाखला घरांच्या चौथऱ्यापुरता आहे की विहीर, रस्ता आणि शेतापर्यंतच्या वाटेसह आहे, हेही नकाशावर पाहून घ्या.

नियोजन_शिक्षक

खडकीकर सरांचा मुद्दा सर्वांत आधीचा आहे. मी गृहनिर्माण आणि नियोजन शिकवतो आणि भारताच्या श्रीलंकेतील घरबांधणी योजनेचा मी काही वर्षे पाठपुरावा केला आहे. तुमच्या मंडळापुढील प्रस्तावाचे उत्तर त्या योजनेच्या रचनेतच बरेचसे सापडते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

जून २०१० मध्ये भारताने श्रीलंकेत ५० हजार घरांची योजना जाहीर केली. एकूण अनुदान सुमारे १३७२ कोटी रुपयांचे होते आणि ते कर्ज नव्हते. पहिली एक हजार घरे पथदर्शी म्हणून ठेकेदारी पद्धतीने, म्हणजे जवळजवळ तुमच्या प्रस्तावात आहे त्याच पद्धतीने, बांधली गेली. ही घरे वाईट नव्हती. तरीही २ ऑक्टोबर २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व प्रांतांसाठीचा मुख्य टप्पा सुरू झाला तेव्हा पद्धत बदलण्यात आली. कुटुंबानेच आपल्या जागेवर, आपल्या गवंड्याकडून घर बांधायचे आणि पैसे भारतीय उच्चायुक्तालयाकडून टप्प्याटप्प्याने थेट त्या कुटुंबाच्या बँक खात्यात जमा व्हायचे, असे ठरले. नव्या घराला साडेपाच लाख श्रीलंकन रुपये, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वादोन लाख भारतीय रुपयांच्या आसपास, आणि मोडक्या घराच्या दुरुस्तीला अडीच लाख श्रीलंकन रुपये मिळत. पाया झाला, भिंती वर आल्या, छप्पर चढले, अशा प्रत्येक टप्प्यावर अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचा तांत्रिक माणूस पाहणी करी आणि मगच पुढचा हप्ता सुटे. संयुक्त राष्ट्रांची वसाहतविषयक संस्था, रेड क्रॉस, श्रीलंकेचे राष्ट्रीय गृहनिर्माण प्राधिकरण आणि ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ यांनी जिल्हे वाटून घेतले होते.

आपल्याकडच्या वाचकांना ही पद्धत परकी वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्राने जागतिक बँकेच्या मदतीने जो कार्यक्रम राबवला त्यात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालल्या. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी हलवली गेली आणि तिथली घरे मुख्यतः ठेकेदारांनी व देणगीदार संस्थांनी बांधली. इतर गावांतील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मात्र घरमालकांनी स्वतः केले. त्यांना हप्ते मिळत, आणि महिला मंडळातील एखादी बाई संवाद सहायक म्हणून अभियंता आणि गाव यांच्यामध्ये उभी असे. पुढे अनेक वर्षे मी विद्यार्थ्यांना त्या भागात नेत असे. नव्या गावठाणांत रस्ते काटकोनात आणि रुंद होते, घरे भक्कम होती, पण गोठा कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, चार भावांची घरे एकमेकांपासून तीन गल्ल्या दूर का गेली, याची उत्तरे आराखड्यात नव्हती. ज्यांनी आपले घर स्वतः दुरुस्त केले त्यांनी घराच्या कोपऱ्यातील बंधाचे दगड कुठे घातले हे आपण होऊन हात लावून दाखवले. माझे मत बनायला तो फरक पुरेसा होता.

श्रीलंकेत या पद्धतीच्या मर्यादाही दिसल्या आणि त्या लपवू नयेत. हजारो घरे एकाच वेळी उभी राहू लागली तशी वाळू, विटा आणि गवंडी या तिन्हींचे भाव चढले. साडेपाचशे चौरस फुटांचे घर ठरलेल्या पैशांत पुरे होईना. कुटुंबांनी दागिने गहाण टाकले, सावकाराकडून किंवा लघुकर्ज देणाऱ्या कंपन्यांकडून उचल घेतली. या कंपन्यांचे वसुली अधिकारी दर आठवड्याला दारात येत असत. पुढे उत्तर आणि पूर्वेत स्त्रियांच्या कर्जबाजारीपणाचा प्रश्न इतका पेटला की २०१८ साली सरकारला दुष्काळग्रस्त जिल्ह्यांतील स्त्रियांची लहान कर्जे माफ करण्याची योजना आणावी लागली. या कर्जांची कारणे अनेक होती, केवळ घर हेच कारण होते असे म्हणता येणार नाही. परंतु अपुरे अनुदान हे त्यांतील एक नक्कीच होते. कमी पैशांत जास्त घरे मोजून दाखवण्याचा मोह प्रत्येक देणगीदाराला होतो आणि फरकाची रक्कम निमूटपणे त्या घरातील बाईच्या डोक्यावर बसते.

याच देशात उलट दिशेचा प्रयत्नही झाला. २०१५-१६ च्या सुमारास उत्तर आणि पूर्वेसाठी ६५ हजार तयार पोलादी घरे एका परदेशी कंपनीकडून घ्यावीत, त्यासाठी कर्ज काढावे, असा श्रीलंका सरकारचा प्रस्ताव होता. एका घराची किंमत वीस लाख श्रीलंकन रुपयांहून अधिक होती. त्या प्रदेशातील उष्ण हवेत पत्र्याचे घर तापणार, ते वाढवता येणार नाही आणि दुरुस्तीसाठी स्थानिक कारागीर मिळणार नाही, असे तिथल्या अभियंत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी मुद्देसूद मांडले. विटा आणि सिमेंटचे घर याच्या निम्म्याहून कमी खर्चात उभे राहते, हे त्यांनी आकडे देऊन दाखवले आणि अखेर तो प्रस्ताव मागे पडला. मदत करणाऱ्याला विकायचे काय आहे आणि घेणाऱ्याला हवे काय आहे, यांतील अंतर इतके उघडपणे क्वचितच दिसते.

तुमच्या चाळीस घरांच्या प्रस्तावाला मी आहे त्या रूपात होकार देणार नाही. तेवढ्याच पैशांत पंचवीस कुटुंबांना पुरेसे हप्ते मिळाले, सोबत एक स्थानिक अभियंता आणि दोन प्रशिक्षित गवंडी वर्षभर मिळाले, तर ते काम मी अधिक मोलाचे मानेन.

पूरग्रस्त_वसाहत

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून बरेच शिकायला मिळाले. मी या विषयाची अभ्यासक नाही. माझे सासर गोखलेनगरचे आहे आणि पुनर्वसन म्हणजे काय हे आमच्या घरात दोन पिढ्या बोलले गेले आहे, म्हणून जमिनीच्या कागदाबद्दल लिहिते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबे उघड्यावर आली. माझ्या सासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये त्यांचा संसार सुरू झाला. पुढे सहकारी संस्था झाल्या, भूखंड मिळाले, घरे झाली, मुले शिकली. शहराने आणि देशाने त्या वेळी मोकळ्या हाताने मदत केली, त्याबद्दल घरात कायम कृतज्ञताच ऐकली. मात्र ज्या जमिनीवर घर उभे होते तिची मालकी आमची झाली नाही. पूरग्रस्तांच्या शंभराहून अधिक संस्थांचा मालकी हक्काचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. घर वाढवायचे, वारसाच्या नावावर करायचे, बँकेकडे तारण ठेवायचे म्हटले की तो कागद आडवा येई. सासरे गेले तेव्हा कपाटात अर्जांच्या नकलांचे एक जाड बाड निघाले, त्यांतील शेवटच्या अर्जावरची सही थरथरत्या हाताची होती. ही गोष्ट पुण्यातली, शांततेच्या काळातली, आपल्याच सरकारच्या राज्यातली आहे. जिथे तीस वर्षांत कुटुंब सात-आठ वेळा विस्थापित झाले, तिथे दस्त कोणाजवळ राहिले असतील?

म्हणून मी श्रीलंकेतील जमिनीच्या प्रश्नाबद्दल वाचत गेले. तिथल्या कायद्यानुसार दुसऱ्याच्या जमिनीवर सलग दहा वर्षे उघड ताबा ठेवणाऱ्याला मालकी सांगता येते. युद्धामुळे जे आपल्या जमिनीपर्यंत पोचूच शकले नाहीत त्यांच्यावर या नियमाने घोर अन्याय झाला असता. त्यासाठी २०१६ साली खास कायदा करून १९८३ ते २००९ हा काळ त्यांच्याविरुद्ध धरू नये अशी तरतूद करावी लागली. सरकारी परवान्यावर दिलेल्या जमिनी बहुधा नवऱ्याच्या नावावर असत. नवरा बेपत्ता असेल तर बायकोने काय दाखवायचे? मृत्यूचा दाखला घ्या, म्हणजे काम पुढे सरकेल, असे तिला सांगितले जाई आणि कित्येक जणींनी तो घ्यायला ठाम नकार दिला, कारण तो घेणे म्हणजे शोध थांबवायला संमती देणे होते. त्याच वर्षी अनुपस्थितीचा दाखला देण्याची सोय कायद्यात झाली, तोपर्यंत युद्ध संपून सात वर्षे उलटली होती.

आणि काही जमिनी तर सैन्याच्याच ताब्यात राहिल्या. मेनिक फार्म सप्टेंबर २०१२ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले तेव्हा शेवटच्या कुटुंबांना त्यांच्या केप्पापुलवू या गावी नेलेच नाही, कारण तिथे लष्करी तळ होता. त्यांना जवळच्या जंगल साफ केलेल्या जागेवर उतरवण्यात आले. पुढे २०१७ साली त्या गावातील बायका महिनोन्महिने तळाच्या दारासमोर मुलाबाळांसह बसून राहिल्या, तेव्हा जमीन तुकड्यातुकड्याने सुटू लागली. जाफनाजवळ वलिकामम उत्तर भागातही तेच झाले. कागदोपत्री या माणसांची नोंद पुनर्वसित अशी झाली होती. परदेशी देणगीदाराला त्यांच्यासाठी नव्या जागेवर छान घर बांधून देता आले असते, आणि तसे केले असते तर मूळ गाव परत मागण्याचा त्यांचा दावा आपणच दुबळा केला असता. अनघाताई, ही वसाहत ज्या जागेवर होणार आहे ती त्या कुटुंबांची स्वतःची जमीन आहे का, की त्यांची जमीन दुसरीकडे अडकून पडली आहे म्हणून ही पर्यायी जागा दिली जात आहे? माझ्या मते तुमचा निर्णय या एका प्रश्नावर ठरायला हवा. दस्त शोधून देणारा, तालुक्याच्या कचेरीत सोबत जाणारा एखादा वकील दोन वर्षांसाठी नेमायला तुमच्या देणगीचा किती थोडा भाग लागेल!

रमाकांत, मूळचा कोल्हापूरचा

जमिनीचा मुद्दा अगदी पटला. बोस्नियातील युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारात प्रत्येक विस्थापिताला आपले घर परत मिळण्याचा हक्क सातव्या परिशिष्टात लिहून ठेवला होता. पहिली काही वर्षे तो कागदावरच राहिला, कारण त्या घरांत दुसरे विस्थापित राहत होते आणि स्थानिक नगरपालिका त्यांना हलवायला तयार नव्हत्या. १९९९ नंतर आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांनी कायद्याची सक्ती केली, टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यांना पदावरून दूर केले आणि मग काही वर्षांतच दोन लाखांहून अधिक दाव्यांपैकी बहुतेक निकाली निघाले. अनेकांनी परत मिळालेले घर विकले आणि आपल्या समाजाची संख्या जास्त असलेल्या भागात दुसरे घेतले, कारण जुन्या गावात नोकरी आणि मुलांसाठी शाळा मिळत नव्हती. तरीही विकायचे की राहायचे हा निर्णय त्यांचा त्यांनी घेतला. माझ्या दृष्टीने हे परदेशी दबावाचे मोठे यश आहे आणि त्यासाठी लागलेला पैसा विटांवर खर्च झालेल्या पैशापेक्षा कितीतरी कमी होता.

परतणे शक्यच नसते तेव्हा काय करायचे, याचे उदाहरण आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला होते. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः बायका आणि मुले, १९४३ पासून तिथे राहिले. त्यांच्या शाळा, दवाखाना, चर्च सगळे त्यांचेच लोक चालवत आणि बराच काळ खर्च लंडनमधील त्यांच्या निर्वासित सरकारकडून येई. युद्ध संपल्यावर त्यांचा मूळ प्रदेशच सोव्हिएत संघात गेला होता. छावणी आवरली तेव्हा त्यांतील बहुसंख्य माणसे ब्रिटन आणि इतर देशांत स्थायिक झाली. आसरा देणारे कोल्हापूरकर आणि तिसऱ्या देशात दारे उघडणारे, या दोघांचीही त्यांना गरज होती.

एक शंका मात्र मनात आहे. २०२१ साली तमिळनाडूत शंभराहून अधिक छावण्यांत ५८ हजारांच्या वर श्रीलंकन तमिळ माणसे राहत होती. तिथल्या सरकारने त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्यासाठी ३१७ कोटींची योजना जाहीर केली आणि त्यात ७,४६९ मोडकळीस आलेली घरे नव्याने बांधण्याची तरतूद होती. त्यांतील अनेकांचा जन्मच भारतात झाला आहे. आपला देश १९५१ च्या निर्वासितविषयक करारात सहभागी नाही, त्यांना नागरिकत्व नाही, त्यामुळे शिकलेल्या मुलांनाही सरकारी नोकरीचा दरवाजा बंद आहे. परत जावे की इथेच राहावे हे ठरवण्याआधीच त्यांच्यासाठी तिकडे घरे बांधणे म्हणजे त्यांना हळूच दाराकडे ढकलणे तर होणार नाही?

नियोजन_शिक्षक

रमाकांतराव, शंका रास्त आहे. तिला जोडून आणखी एक गोष्ट सांगतो. ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांच्या संघटनेने उत्तर प्रांतातील सुमारे ७५ हजार मुसलमानांना काही तासांच्या किंवा दिवसांच्या मुदतीत घराबाहेर काढले. बहुतेक जण दक्षिणेकडील पुत्तलम जिल्ह्यात गेले आणि तिथेच दोन दशके राहिले. २००९ नंतर मदतीचा ओघ सुरू झाला तेव्हा एप्रिल २००८ नंतर विस्थापित झालेल्यांना नवे आणि त्याआधीच्यांना जुने असे धरले गेले आणि अग्रक्रम नव्यांना मिळाला. छावण्यांतील माणसांची निकड पाहता ते समजण्यासारखे होते, पण मुसलमान कुटुंबे मन्नार आणि मुल्लैतीवूला परतू लागली तेव्हा त्यांना यादीत जागा मिळवायला झगडावे लागले. जी यादी तमिळ शेजाऱ्याला घर देते आणि मुसलमान शेजाऱ्याला वगळते, तिने गावात नवे वैर पेरले जाते. चाळीस कुटुंबांची निवड कोणी केली, कोणत्या निकषांवर केली, आणि ज्यांची नावे आली नाहीत त्यांना दाद मागायला जागा आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अनघा, कोथरूड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसादांची प्रत काढून मी मंडळातील सर्वांना वाचायला दिली आहे. काल प्रस्ताव पाठवणाऱ्या संस्थेशी बोलणे झाले. सुरुंगमुक्तीचा दाखला आहे, तो पाठवतो म्हणाले. जमीन ‘सरकारने उपलब्ध करून दिलेली’ आहे, एवढेच उत्तर मिळाले. त्या कुटुंबांची मूळ जमीन कुठे आहे, हे विचारल्यावर माहिती घेऊन कळवतो असे सांगितले. हप्त्यांची पद्धत त्यांना गैरसोयीची वाटते, कारण त्यांच्याकडे पाहणी करायला माणूस नाही.

पाटीचा आग्रह आमच्याकडून नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. रमाकांतजींच्या शंकेमुळे छावण्यांतील मुलांच्या शिक्षणासाठी काही करता येईल का, असा विचारही मंडळात सुरू झाला आहे. कायद्याची बाजू कोणाला ठाऊक असेल तर कृपया सांगावी.

खडकीकर

ताई, दाखल्यावर जागेच्या सीमा आणि किती खोलीपर्यंत साफ केले ते लिहिलेले असते, ते दोन्ही पाहा. पाहणीला माणूस नाही म्हणणाऱ्या संस्थेला चाळीस घरांचे काम देऊ नका, हे मी सैन्यातील ठेक्यांच्या अनुभवावरून सांगतो.

लेखापाल, नारायण पेठ

कायद्याच्या बाजूने थोडक्यात सांगतो. धर्मादाय न्यासाने भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकरात सूट हवी असेल तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता आवश्यक असते आणि ती सहजासहजी मिळत नाही. परकीय चलनाचे नियम वेगळे. आपल्या न्यासपत्रातील उद्दिष्टांत परदेशातील काम बसते का, हेही आधी तपासावे लागेल. तमिळनाडूतील छावण्यांत शिक्षणासाठी खर्च केला तर तो भारतातील खर्च ठरतो आणि यांतील पहिली अडचण येतच नाही. बैठकीपूर्वी न्यासपत्राची प्रत आणि मागील तीन वर्षांचे ताळेबंद घेऊन तुमच्या सनदी लेखापालांकडे जा, आणि त्यांचे मत लेखी घ्या.